वेंगुर्ल्यातील रेकॉर्डचे दुकान आणि स्टीफन फॉस्टर

वेंगुर्ल्याच्या बाजारात जुन्या ग्रामोफोन रेकॉर्ड विकणारे एक लहानसे दुकान आहे. कोकणच्या दमट हवेत पावसाळ्यात कव्हरांना बुरशी धरते आणि पुठ्ठे फुगतात. येथे मात्र प्रत्येक रेकॉर्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून उभी ठेवलेली असते आणि विकत घेण्याआधी ती दोन्ही बाजूंनी ऐकू दिली जाते. विदेशी रेकॉर्डबरोबर दुकानदार स्वतः मराठीत लिहिलेले एक पानी टिपणही देतात.

मी ४५० रुपयांना स्टीफन फॉस्टर यांच्या गाण्यांची रेकॉर्ड घेतली. ४ जुलै १८२६ रोजी अमेरिकेत पिट्सबर्गजवळ जन्मलेल्या या गीतकाराने सिनसिनाटीत भावाच्या कचेरीत हिशेब लिहिता लिहिता गाणी रचली आणि १८४८ मध्ये छापलेल्या ‘ओ सुझाना’ने तो देशभर पोहोचला. टिपणातला पैशांचा भाग मला सर्वांत आवडला. ‘ओल्ड फोक्स ॲट होम’ १८५१ मध्ये छापले गेले तेव्हा त्यावर रचनाकार म्हणून नाव आले ते नाटकमंडळीचा मालक ई. पी. क्रिस्टी याचे, कारण फॉस्टर यांनी ते श्रेय त्याला पैसे घेऊन देऊन टाकले होते. पुढच्याच वर्षी त्यांनी ते परत मागितले, पण मिळाले नाही. गाण्याच्या प्रयोगावर मानधन मिळवून देणारा कायदा तेव्हा तिथे नव्हता, म्हणून घरोघरी गाणी गायली जात असताना १३ जानेवारी १८६४ रोजी न्यूयॉर्कच्या इस्पितळात हा माणूस ३७ व्या वर्षी वारला, आणि त्याच्या पाकिटात अवघे ३८ सेंट निघाले.

‘ओल्ड फोक्स ॲट होम’मधली सुवानी नदी फॉस्टर यांनी पाहिलेली नव्हती; चालीत बसणारे नाव त्यांनी नकाशात शोधले होते. तरीही गाण्यातली घरची ओढ आपल्या मुंबईकर चाकरमान्याला परकी वाटणार नाही.

टिपण जिथे गप्प बसते तिथे माझी तक्रार आहे. यातली बरीच गाणी गोरे नट तोंडाला जळक्या बुचाची काजळी फासून, कृष्णवर्णीयांची नक्कल करत जे खेळ करीत त्यांच्यासाठी लिहिलेली होती, आणि मूळ शब्दांत त्यांचा उपमर्दही आहे. आपल्याकडे दशावतारात चेहरा रंगतो तो देव किंवा राक्षस होण्यासाठी. तिथला रंग गुलामगिरीत पिचलेल्या माणसांची टर उडवण्यासाठी होता. केंटकीचे राज्यगीत झालेल्या ‘माय ओल्ड केंटकी होम’मधला असा शब्द तिथल्या विधिमंडळाने १९८६ मध्ये बदलला. हे का लिहिले नाही, असे विचारल्यावर दुकानदार म्हणाले, “एवढं लिहिलं तर गिऱ्हाईक रेकॉर्ड परत ठेवून देईल.” मला ते पटले नाही, ही बाजू वगळली तर त्या गाण्यांतला गोडवा कोणाच्या जिवावर विकला जात होता, हे ऐकणाऱ्याला कळतच नाही.

रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला एक चरा आहे आणि ‘ब्यूटिफुल ड्रीमर’च्या मध्यावर सुई अडकते. दुकानात घाईघाईने फक्त पहिलीच बाजू ऐकल्याने ते घरी कळले. दुकानदारांनी वाद न घालता ५० रुपये परत केले. दुपारी दुकान बंद असते, त्यामुळे सकाळी जावे आणि दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐकण्याइतका वेळ हाताशी ठेवावा.