स्लिपवरची तारीख मी पाहिली होती

2,67,600 रुपये. एका फसवणुकीत माझे एवढे गेले. आकडा आधीच लिहून टाकते, कारण गेले काही महिने विचारणाऱ्याला मी "दोन-अडीच लाख" असे मोघम उत्तर देत आले आहे आणि त्या मोघमपणामागे लाज आहे. सदस्यत्वाचे 59,000, यंत्राचे 1,92,000, 'पॅकिंग, विमा आणि कॅलिब्रेशन' या नावाखाली 14,750, आणि अखेरीस ट्रान्सपोर्टच्या गोदामात रोख मोजलेले 1,850. यातले शेवटचे 1,850 मला सर्वांत जास्त झोंबतात, कारण ते मी भंगार ताब्यात घेण्यासाठी स्वतःच्या हाताने दिले.

सांगलीत सोळा वर्षे मी स्वतंत्र ऑप्टोमेट्रिस्ट (डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणारी) म्हणून काम करते. मी मूर्ख नाही आणि हावरटही नाही, हे मला लिहावेच लागेल, कारण ही हकिकत ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर दोन्हींपैकी एक शब्द उमटलेला मला दिसतो. मी पैसे दुप्पट करायला निघाले नव्हते. मला एक अवजार विकत घ्यायचे होते. ऑगस्ट 2019 च्या महापुरात कृष्णेचे पाणी दुकानात शिरण्यापूर्वी माझे जुने ऑटोरिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे चष्म्याचा नंबर आपोआप मोजणारे यंत्र, आम्ही दोघांनी जिन्यावरून माडीवर चढवले होते. यंत्र वाचले, पण त्यानंतर त्याने मनासारखे काम कधीच दिले नाही. एकाच डोळ्याचे तीन वेळा माप घेतले की सिलिंडरचा (तिरक्या नंबराचा) अक्ष तीन ठिकाणी दाखवायचे, आणि बंद करून पुन्हा सुरू केले की तारीख आपोआप कित्येक वर्षे मागे जायची. ही तारखेची गोष्ट लक्षात ठेवा.

त्यातच चष्म्यांच्या मोठ्या साखळी दुकानांनी मोफत तपासणीचे फलक लावले. आपल्याकडे तपासणीचे शंभर रुपये मागितले की माणूस दुखावतो आणि तेच पैसे फ्रेमच्या किमतीत लपवले की आनंदाने देतो. त्यामुळे स्वतंत्र प्रॅक्टिस करणाऱ्याचे सगळे गणित फ्रेम आणि काचांच्या नफ्यावर उभे असते, आणि नेमके तिथेच लॅब मोठ्या दुकानांना एक भाव देते व आम्हाला दुसरा. अशा स्थितीत, आमच्या व्यवसायातील लोकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर, स्वतंत्र ऑप्टोमेट्रिस्टना 'पाठबळ' देणाऱ्या एका पुण्याच्या कंपनीची माहिती आली. काचा घाऊक भावात, रुग्णांच्या नोंदींचे सॉफ्टवेअर, कुपवाड एमआयडीसीतील कारखान्यांत नेत्रतपासणी शिबिरे, आणि दुरुस्त करून नव्यासारखी केलेली यंत्रे दोन वर्षांच्या हमीसह. मला हव्या असलेल्या चारही गोष्टी एकाच कागदावर होत्या. हे संशयाचे कारण व्हायला हवे होते. माझ्यासाठी ते विश्वासाचे कारण झाले.

कंपनीतर्फे माझ्याशी बोलणारा गृहस्थ आमच्याच धंद्यातला असावा, किंवा आमच्या धंद्यात पूर्वी मार खाल्लेला असावा. रेटिनोस्कोपी (डोळ्यात प्रकाश टाकून हाताने नंबर काढणे), प्रोग्रेसिव्ह काचेची फिटिंग हाइट, तक्रार घेऊन परत येणारे गिऱ्हाईक, हे सगळे तो अचूक बोलत असे. 2021 मध्ये झालेल्या नॅशनल कमिशन फॉर अलाईड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्यात ऑप्टोमेट्रीचा समावेश आहे, हे खरे आहे. त्याने त्या खऱ्या गोष्टीला एक खोटे शेपूट जोडले: "मॅडम, पुढे नोंदणीच्या वेळी तुमच्या केंद्रात काय काय यंत्रे आहेत ते पाहिले जाणार, आमच्या सदस्यांचे कागद आम्हीच तयार करून देतो." सरकारी नोंदणीसाठी कुणा खासगी कंपनीचे सदस्यत्व कशाला लागेल, हा प्रश्न मी विचारला नाही. ज्याला भीती घालायची असते तो आधी कायद्याचे नाव घेतो, एवढे तरी या वयात मला कळायला हवे होते.

पहिल्यांदा मी फक्त 11,800 रुपयांच्या चोवीस फ्रेम मागवल्या. पाचव्या दिवशी कुरियर आले. फ्रेम चांगल्या होत्या, बिजागऱ्या घट्ट होत्या, बिलही सोबत होते. ही रक्कम मी वरच्या हिशेबात धरलेली नाही, कारण तो माल खरा होता. गळाला गांडूळ खरेच लावावे लागते. त्यानंतर जून 2025 मध्ये मी सदस्यत्वाचे 59,000 भरले आणि 9 जुलैला यंत्राचे 1,92,000 पाठवले: पतसंस्थेतून कर्जाऊ घेतलेले दीड लाख आणि पिग्मीत साठलेले 42,000.

आता ज्या क्षणावरून माझी झोप गेली आहे त्याबद्दल. पैसे पाठवण्याच्या दोन दिवस आधी मी यंत्र चालू अवस्थेत पाहायचे म्हटले. त्याने व्हिडिओ पाठवला. पडद्यावर डोळा आला, हिरवे वर्तुळ जुळले, टक-टक आवाज झाला आणि मापाची छापील स्लिप बाहेर आली. ती स्लिप त्याने कॅमेऱ्यापुढे धरली. उजवा डोळा, उणे 1.75, सिलिंडर उणे 0.50, अक्ष 170. वर व्हीडी (डोळा ते काच हे अंतर) 12.00; आणि त्याच्या वर तारीख: 14 मार्च 2021. मी व्हिडिओ थांबवून ती तारीख वाचली. दिवसाला वीस-पंचवीस अशा स्लिपा हातावेगळ्या करणारी बाई मी; तारीख नजरेतून सुटली असे मी म्हणूच शकत नाही. पण त्याने खुलासा देण्याआधी मीच तो दिला. माझ्या यंत्राचे घड्याळही असेच मागे पडते, आतली छोटी बॅटरी संपली असेल, दुरुस्तीत बदलून घेऊ, असे मीच त्याला फोनवर सांगितले. तो म्हणाला, "मॅडम, तुमच्यासारख्या जाणकारांशी व्यवहार करायला बरे वाटते." हे वाक्य आठवले की आजही कान तापतात.

त्या वेळी फक्त इतके म्हणायचे होते: आत्ता व्हिडिओ कॉल लावा, यंत्रात आजची तारीख घाला, माझ्या देखत मॉडेल आयचे माप घ्या आणि ती स्लिप दाखवा. यंत्रासोबत येणाऱ्या त्या कृत्रिम डोळ्याचा नंबर आधीच ठाऊक असतो, त्यामुळे मापाची सत्यताही तिथेच कळली असती. यंत्राचा अनुक्रमांक घेऊन उत्पादकाच्या सेवा केंद्रात एक फोन केला असता तरी पुरे होते. आणि पुणे काही लंडन नाही; सकाळची एसटी धरून यंत्र डोळ्यांनी पाहून रात्री घरी परतता येते. दुकान एक दिवस बंद राहील म्हणून मी गेले नाही.

दुसरी खूण त्याहून ठळक होती. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेमुळे एप्रिल 2025 पासून ऑनलाइन एनईएफटी करताना खातेदाराचे नाव आधी पाहण्याची सोय बँकांनी दिली आहे. पडद्यावर नाव आले ते त्या कंपनीचे नव्हते, कुठल्याशा ट्रेडर्सचे होते. "आमची भगिनी संस्था आहे," हे उत्तर मी मानले आणि पुढचे बटण दाबले.

तिसरी खूण माझ्या कर सल्लागारांनी नंतर दाखवली. सदस्यत्वाच्या बिलावरचा जीएसटी क्रमांक 07 ने सुरू होत होता, म्हणजे दिल्लीचा. महाराष्ट्राचा क्रमांक 27 ने सुरू होतो. दिल्लीहून आलेल्या बिलावर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा कर, लागायला हवा, तर या बिलावर 50,000 वर 4,500 सीजीएसटी आणि 4,500 एसजीएसटी असे, एकाच राज्यातल्या व्यवहारासारखे, सुबक दोन तुकडे केलेले होते. जीएसटीच्या पोर्टलवर तो क्रमांक टाकला तर नोंदणी रद्द झालेली दिसली. हे पाहायला पैसे लागत नाहीत, लॉगिनही लागत नाही. आणि कुणी लघुउद्योगांच्या सरकारी उद्यम नोंदणीचे प्रमाणपत्र फ्रेम करून दाखवले तर भारावू नका. ती नोंदणी स्वयंघोषणेवर फुकट मिळते. माझ्या दुकानातही एक लावलेले आहे.

पावसामुळे गाडी अडकली, गोदाम बदलले, अशा सबबींत तीन आठवडे गेले आणि 2 ऑगस्टला लाकडी खोके आले. आत बिलावर लिहिलेल्या मॉडेलचे नव्हे, तर भलत्याच कंपनीच्या ऑटोरिफ्रॅक्टोमीटरचे कवच होते. हनुवटीचा आधार होता, कपाळाची पट्टी होती, जॉयस्टिकसुद्धा होती. आतला मुख्य बोर्ड नव्हता. खोके पैसे देण्यापूर्वी, ट्रान्सपोर्टच्या माणसासमोर आणि मोबाइलचे चित्रीकरण चालू ठेवून उघडावे. मी ते घरी आणून उघडले.

हे भंगार तरी त्यांनी का पाठवले, याचे उत्तर मला पोलीस ठाण्यात मिळाले. "मॅडम, माल आलाय ना? मग हा दिवाणी वाद झाला. वकील बघा." एका वाक्यात माझी फसवणूक नापसंत खरेदी होऊन बसली. मी भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीचे कलम 318 दाखवले. त्यांनी मला पुण्याला जायला सांगितले, कारण कंपनी पुण्याची. मी बिलावरचा दिल्लीचा क्रमांक दाखवला, तेव्हा दिल्लीला जायला सांगितले. हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घ्यावी असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 173 सांगते, हे मी छापून नेलेल्या कागदावरून वाचून दाखवले. त्यावर साहेब बंदोबस्तात आहेत, गणपतीनंतर या, असे उत्तर मिळाले. गणपतीनंतर गेले तेव्हा माझा अर्ज घेणारे अंमलदार बदललेले होते आणि अर्ज सापडत नव्हता. चौथ्या खेपेला पोच मिळाली. ती पोच म्हणजे गुन्ह्याची नोंद नव्हे, हे मला घरी आल्यावर उमगले. अखेर कलम 173 च्याच चौथ्या पोटकलमाप्रमाणे पोलीस अधीक्षकांकडे टपालाने अर्ज पाठवला.

1930 या सायबर हेल्पलाइनला मी 4 ऑगस्टला फोन केला, म्हणजे पैसे गेल्यापासून सव्वीस दिवसांनी. त्या नंबरचा उपयोग पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी असतो. हा उशीर माझा. पण माझ्या बँकेत मी तक्रार घेऊन गेले तेव्हा समोरच्या अधिकाऱ्याने मान वर न करता विचारले, "नाव दिसले होते ना, मग पाठवलेत कशाला?" सोळा वर्षांचे चालू खाते असलेल्या बँकेकडून मला खुर्चीची तरी अपेक्षा होती. आमच्या व्यवसायातील एका संघटनेच्या पदाधिकाऱ्यांनी तर, "ग्रुपवर वाच्यता नको, सगळ्यांचेच नाव खराब होते," असे सांगून त्या जाहिरातीचा मूळ संदेशच काढून टाकला. माझ्याकडे त्याचे छायाचित्र होते म्हणून निभावले. संदेश पुसले जाण्याआधी सगळे जतन करा, अगदी गोड बोलणेसुद्धा.

एका परिचिताने, व्यवसायासाठी घेतलेल्या वस्तूबद्दल ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही, असे ठासून सांगितल्यामुळे माझे आणखी दोन महिने वाया गेले. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील व्याख्येखालचे स्पष्टीकरण वाचावे: केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू 'व्यापारी प्रयोजनात' मोडत नाही. माझ्या दुकानात मी आणि झाडू मारायला येणाऱ्या मावशी, एवढाच कारभार आहे. माझी तक्रार आता दाखल झाली आहे.

सध्या मी रेटिनोस्कोप घेऊन अंधाऱ्या खोलीत माप काढते, जसे शिकताना काढत होते. वेळ दुप्पट लागतो, नंबर मात्र चुकत नाही. पतसंस्थेचा हप्ता दर महिन्याच्या 10 तारखेला जातो.

मागच्या आठवड्यात तासगावच्या एका तरुण सहकाऱ्याचा फोन आला. "ताई, एक मशीन स्वस्तात मिळतेय, घेऊ का?" कंपनीचे नाव वेगळे, फोन नंबर वेगळा. त्याने मला व्हिडिओ पाठवला. उणे 1.75, उणे 0.50, अक्ष 170, तारीख 14 मार्च 2021. दुसऱ्या दिवशी मी तो व्हिडिओ घेऊन पोलीस ठाण्यात गेले. अंमलदारांनी तो पूर्ण पाहिला आणि तासगावच्या मुलाचे किती पैसे गेले असे विचारले. काहीच गेलेले नाहीत, त्याने वेळेवर विचारले, असे मी सांगितले. "मग तक्रार कसली?" असे म्हणून त्यांनी फोन मला परत दिला.