कमर्शियल इंटिरियरचा ट्रेड शो पहिल्यांदाच बघितला, जाऊन आले ते बरं झालं

चार वर्षं ऑफिस इंटिरियरचं काम करतेय, पण मटेरियल निवडायचं म्हणजे कॅटलॉग, शेड कार्ड आणि वेंडर आणून दाखवेल ते, एवढंच. यावेळी दोनशे माणसांच्या ऑफिसचं काम हातात आहे, मोठा ओपन हॉल, आणि क्लायंटची जुन्या ऑफिसबद्दल एकच तक्रार की आवाज फार होतो, म्हणून म्हटलं एकदा स्वतः जाऊन बघू. दोन दिवस फिरले.

पहिल्या दिवशी गेटपासून ओळीने सगळे स्टॉल बघायला लागले आणि दुपारपर्यंत अर्धा हॉलसुद्धा झाला नाही, डोक्यात काहीच राहीना. मग एका कोपऱ्यात बसून फोनमध्ये तीन गोष्टी लिहिल्या, खुर्चीचं कापड, लाईट, आवाज. बाकी सगळं सोडून दिलं आणि तिथून पुढे खरी मजा आली.

कापडाच्या स्टॉलवर एक वयस्कर काका होते, त्यांच्यासाठी तरी हा शो मला पाचपैकी पाच. दोन सॅम्पल होती, किती वेळा घासलं तरी कापड टिकतं त्याचा आकडा एकावर ४०,००० लिहिलेला, दुसऱ्यावर ३०,०००, मी अर्थातच पहिलं उचललं. ते म्हणाले, ताई, आधी टेस्ट कुठली ते वाचा. पहिलं मार्टिनडेल, त्यात कापड लोकरीच्या कापडावर गोल गोल वळणं घेत घासतात, दुसरं वायझनबीक, त्यात सरळ पुढे-मागे. जास्त वर्दळीच्या जागेसाठी मार्टिनडेलचे ४०,००० किंवा वायझनबीकचे ३०,००० डबल रब्स (एकदा पुढे, एकदा मागे मिळून एक) धरतात आणि एकाचा आकडा दुसऱ्यात बदलून घेता येत नाही. म्हणजे दोन्ही कापडं पासच होती! मग त्यांनी शिवण मारलेला एक तुकडा घेतला, दोन्ही अंगठे शिवणीच्या दोन बाजूंना ठेवून ताणला, आणि धागे सरकून शिवणीलगत बारीक फट दिसायला लागली. म्हणाले, बऱ्याच खुर्च्या घासून जायच्या आधी इथेच जातात. हे कुठल्या कॅटलॉगमध्ये कळणार सांगा. हाताला कळतं ते हातालाच कळतं.

लाईटच्या स्टॉलवर दोन खोकी ठेवलेली, दोन्हीत तेच गडद लाल कापड, दोन्ही दिव्यांचा सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ८० च्या वर, तरी एका खोक्यात लाल छान भरलेला आणि दुसऱ्यात विटलेला, जवळजवळ तपकिरी. कारण असं की सीआरआयचा आकडा पहिल्या आठ फिक्या रंगांची सरासरी असते, गडद लाल हा नववा, तो त्यात धरतच नाहीत. त्यामुळे आर ९, म्हणजे या नवव्या रंगाचा आकडा, किती ते वेगळं विचारायचं. आमच्या रिसेप्शनला लाकूड आहे आणि मागची भिंत लाल आहे, त्यामुळे मी तिथल्या तिथे नोंद करून ठेवली.

आता आवाज. यावेळी जिकडे तिकडे फेल्टची पॅनेलं, बरीचशी प्लास्टिकच्या बाटल्या रिसायकल करून केलेली, रंग तर इतके सुंदर की नुसतं बघत राहावं. पुढे उभा असलेला मुलगा एनआरसी (पॅनेल किती आवाज शोषतं त्याचा आकडा) ०.८ म्हणाला, मी विचारलं की पॅनेल भिंतीला चिकटवून टेस्ट केलंय की मागे गॅप ठेवून, तर त्याला सांगता येईना, पण त्याने मागून टेक्निकलच्या मुलीला बोलावलं आणि तिने वीस मिनिटं दिली. मागे हवेची गॅप ठेवली की खालच्या सुराचा आवाजही जास्त शोषला जातो, म्हणून एकाच पॅनेलचे दोन आकडे येऊ शकतात. आणि मुख्य म्हणजे शोषणं वेगळं, अडवणं वेगळं. फेल्ट लावल्याने खोलीतला घुमारा कमी होतो, पण मीटिंग रूममधलं बोलणं शेजारी ऐकू जायचं थांबत नाही, त्यासाठी एसटीसी, म्हणजे पार्टिशन किती आवाज अडवतं तो आकडा, बघायचा आणि पार्टिशन फॉल्स सिलिंगपाशी न थांबवता वर स्लॅबपर्यंत न्यायचं. आमच्या ड्रॉइंगमध्ये ते सिलिंगलाच थांबलं होतं!! एवढ्या एका गोष्टीसाठी दोन दिवस वसूल.

फोनवर बोलायचे बंद पॉडही खूप होते. ते बघताना सारखा अमेरिकन डिझायनर रॉबर्ट प्रॉप्स्ट आठवत होता, त्याने हर्मन मिलर या फर्निचर कंपनीसाठी १९६८ मध्ये अॅक्शन ऑफिस या सुट्या पार्टिशनच्या ऑफिस फर्निचरची जी दुसरी आवृत्ती आणली ती माणसाला मोकळेपणाने काम करता यावं म्हणून, कंपन्यांनी त्याचे ओळीने खोके केले, मग सगळं उघडं केलं, आणि आता त्याच उघड्या हॉलमध्ये परत छोट्या खोल्या ठेवतोय. मला त्यात वाईट काही वाटत नाही, माणसाला शांतता लागतेच. फक्त पॉडमध्ये दोन मिनिटं बसून उठू नका, दार लावून दहा मिनिटं बसा. एकात पंख्याची घरघर होती आणि दुसऱ्यात हवाच येत नव्हती, दोन्ही गोष्टी पाच मिनिटांनंतरच कळल्या.

जे आवडलं नाही ते पण सांगते. भाषणांचं स्टेज हॉलच्या मधोमध उघड्यावर, तिसऱ्या रांगेत बसूनही काही ऐकू येत नव्हतं, विषय चांगले असून फुकट गेले आणि बोलणाऱ्यांचे कष्टही. बॅज कुठेही स्कॅन करू देऊ नका, मी करू दिला आणि दोन आठवडे फोन येतायत, ज्यांचं मटेरियल मला लागणारच नाही त्यांचे. आणि शेवटच्या दिवशी दुपारनंतर जाऊ नका, बरेच जण वेळेआधीच आवरायला घेतात, सॅम्पल खोक्यात गेलेली असतात.

पाचपैकी चार देईन. पार्टिशनचं ड्रॉइंग सोमवारीच बदललं, क्लायंटला दोन्ही टेस्टचे आकडे लिहून कापडाचे तीन पर्याय पाठवले. पॉडचं अजून नक्की नाही, एका वेंडरला सांगितलंय की आमच्या चालू साईटवर आठवडाभर एक ठेवा, बसून बघतो.