शूबर्टसाठी गेले आणि नव्या पीसवर अडकले

खरं सांगते, मी गेले होते फक्त शूबर्ट या जुन्या ऑस्ट्रियन कंपोझरसाठी. उन्हाळ्यातली चेंबर म्युझिकची (म्हणजे मोजक्या वादकांच्या पाश्चात्य शास्त्रीय संगीताची) कॉन्सर्ट, छोटा हॉल, आधी हायडन हा आणखी जुना कंपोझर, मग एका तरुण कंपोझरचं कोरं करकरीत काम, इंटरव्हल आणि मग शूबर्टचं स्ट्रिंग क्विंटेट, म्हणजे पाच तंतुवाद्यांचं काम. ही ट्रिक जुनीच आहे, नवीन पीस मधे कोंबायचा म्हणजे कुणी उशिरा येऊन किंवा लवकर उठून तो टाळू शकत नाही. म्हटलं कडू औषध आहे, गिळू.

पण क्रम ज्याने लावला त्याला मानलं. हायडनच्या ऑपस ३३ या संचातलं दुसरं क्वार्टेट (चार तंतुवाद्यांचं काम), १७८१ चं, ज्याला ‘जोक’ म्हणतात ते. शेवटी धावती चाल मधेच थांबते, जरा संथ काहीतरी येतं, मग तीच चाल तुकड्यातुकड्यांनी, प्रत्येक तुकड्यानंतर चिडीचूप, आणि मग एक एवढी मोठी गॅप की झालंच वाटतं, तर परत सुरुवातीचाच तुकडा एकदम हळू आवाजात आणि बस, खेळ खलास. माझ्या पुढच्या काकांनी दोनदा टाळ्या वाजवल्या आणि दोनदा हात खाली घेतले 😄 पहिल्या व्हायोलिनवालीने बो (गज) तारांपासून बोटभर वर तसाच धरलेला, चेहरा ढिम्म, फक्त डोळे आमच्यावर. खरंच संपलं तेव्हा टाळी वाजवायची कुणाची हिंमत होईना.

आणि याच्या पाठोपाठ नवीन पीस. आता हॉलमधला प्रत्येक जण शांततेला टरकून बसलेला, कोणी खोकेना पण. साधारण बारा मिनिटांचा पीस, बो घोडीला (तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीला) चिकटवून घासायचा म्हणजे स्वर कमी आणि खरखर जास्त, मधेच तारेवर बोट नुसतं टेकवून शिट्टीसारखे पातळ स्वर, आणि भरपूर गॅप. एरवी मी घड्याळ बघितलं असतं, इथे गॅपमधे पुढे कोण वाजवणार याची वाट बघत होते. मधला भाग मात्र फुकट ताणलाय, चौघंही नुसते थरथरतायत आणि गाडी जागची हलत नाही. त्याहून वाईट म्हणजे सुरुवातीला कंपोझरने माइक घेऊन दहा मिनिटं समजावलं की काय ऐकायचंय. अहो, वाजवू द्या ना! हवं तर तोच वेळ घेऊन पीस दोनदा वाजवा, मी तर आनंदाने बसले असते.

व्यवस्थेबद्दल एकच तक्रार. एसीची घरघर, आणि ती नेमकी त्या गॅपमधे ऐकू येते. इंटरव्हलनंतर कुणीतरी शहाणपणा करून एसी बंद केला, तर पंधरा मिनिटांत हॉलची भट्टी झाली, वादकांची बोटं घामाने ओली आणि पहिली मूव्हमेंट (भाग) झाल्यावर पाचही जण परत ट्यूनिंग करत बसले. मधलं काहीतरी जमवा की राव.

पण शूबर्ट तो शूबर्ट. १८२८ चं काम, त्याच नोव्हेंबरात एकतिसाव्या वर्षी हा माणूस गेला, आणि लोकांसमोर हे वाजलं थेट १८५० मधे. मोझार्टच्या क्विंटेटमधे जादा व्हायोला (व्हायोलिनहून जरा मोठा) असतो, याने जादा चेलो (त्याहून मोठा, खर्जातला) घेतलाय आणि त्याने सगळा पायाच जड होतो. अडाजिओमधे, म्हणजे संथ दुसऱ्या मूव्हमेंटमधे, मधले तिघं एवढी संथ चाल धरतात की श्वास कुठे घ्यायचा कळत नाही, खाली दुसरा चेलो नुसता बोटांनी तार छेडतोय आणि वरून पहिलं व्हायोलिन दोन-चार स्वर टाकून गप्प होतं. हे मी घरी कितीतरी वेळा ऐकलंय, पण त्या स्वरांच्या मधली जागा कधी ऐकली नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदा कान तिकडे गेला, आणि ते मगाचच्या खरखरवाल्या पीसमुळे, हे मान्य करताना जरा जिवावर येतंय.

हाच प्रोग्राम परत झाला तर जाईन. दुसरा चेलो दिसेल अशी जागा धरा, अडाजिओमधे त्याच्या उजव्या हाताची बोटं बघण्यासारखी आहेत. आणि वारा घ्यायला काहीतरी घेऊन जा, माझी तर प्रोग्रामची पुस्तिकाच भिजली.