टिळकवाडीतलं निसर्गोपचार केंद्र: योगवर्ग घ्या, उपवास नको
ॲनोरेक्सिया (वजन वाढण्याच्या भीतीने उपाशी राहणं) किंवा बुलिमिया (भरमसाट खाऊन मग उलट्या-रेचकांनी ते बाहेर काढणं) असलेल्या मुलीला इथे फक्त संध्याकाळच्या योगवर्गाला न्या. शवासन आणि सावकाश श्वसनाने जेवणाआधीची धास्ती कमी व्हायला मदत होते. शिकवणाऱ्या बाई वजनाचा विषयच काढत नाहीत, हे फार मोलाचं. पॅकेजमधलं लंघन, रसाहार, एनिमा मात्र ठाम नाकारा. उलट्या नि रेचकांनी रक्तातलं पोटॅशियम आधीच उतरलेलं असू शकतं. ते आणखी घसरलं की हृदयाचे ठोके बिघडतात. उपाशी शरीरात एकदम गोड रस गेला तर रक्तातलं फॉस्फेट कोसळतं, तेही जिवावर बेततं. म्हणून आधी डॉक्टरांकडून ईसीजी, पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम तपासून घ्या. मूळ उपचार म्हणजे मानसोपचार आणि ठरल्या वेळी भाकरी-आमटी, भात, दही. योग फक्त जोडीला. फोनवर सल्ला हवा तर टेली-मानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन), १४४१६.