लॅबचे दुसरे मत: आतड्यातील लिम्फोमासाठी घेतलेल्या सेवेचा अनुभव

पित्ताच्या जुन्या तक्रारीसाठी वडिलांची एंडोस्कोपी झाली, तेव्हा ड्युओडेनमच्या (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या) दुसऱ्या भागात साबुदाण्यासारखे बारीक पांढरे दाणे दिसले आणि त्यांची बायॉप्सी घेण्यात आली. आमच्या शहरातील लॅबने अहवालात ‘फॉलिक्युलर लिम्फोमा’ (बी पेशी या पांढऱ्या रक्तपेशींचा एक कर्करोग) एवढेच लिहिले. घरातील सर्वांनी केमोथेरपीची मानसिक तयारीही केली होती. अखेर डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही मुंबईतील एका मोठ्या लॅबकडे दुसरे मत मागितले.

या सेवेची सर्वांत जमेची बाजू म्हणजे खिडकीवरच पॅराफिन ब्लॉक (बायॉप्सीचा तुकडा जपून ठेवलेले मेणाचे ठोकळे) आणि जुन्या स्लाइड यांच्याबरोबर एंडोस्कोपीचा अहवाल व छायाचित्रेही मागून घेण्यात आली. तेव्हा ती मला उगाचची कागदपत्रे वाटली होती. परंतु हाच आजार लसिकाग्रंथीत आढळणे आणि केवळ ड्युओडेनममध्ये आढळणे यांत मोठा फरक असल्यामुळे (ड्युओडेनममधला सहसा संथ असतो आणि क्वचितच पसरतो) जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या सुधारित वर्गीकरणात ड्युओडेनल प्रकाराला वेगळे स्थान दिले आहे, हे नंतर समजले.

नऊ दिवसांनी आलेल्या अहवालात ‘ड्युओडेनल प्रकारचा फॉलिक्युलर लिम्फोमा’ या निष्कर्षाबरोबर कारणेही होती. पेशींची ओळख पटवणारी सीडी२० आणि सीडी१० ही प्रथिने पॉझिटिव्ह होती. एरवी प्रतिक्रियेने सुजलेल्या फॉलिकलच्या (बी पेशींच्या गोल पुंजक्याच्या) मध्यभागातील बी पेशींत न दिसणारे बीसीएल२ हे प्रथिन येथे ठळक होते, त्यामुळे ही साधी सूज नव्हती. सायक्लिन डी१ हे प्रथिन निगेटिव्ह असल्याने मँटल सेल लिम्फोमा या दुसऱ्या प्रकाराची शक्यता मागे पडली. सीडी२१ने दिसणारी आधारपेशींची जाळी ड्युओडेनल प्रकाराप्रमाणे फॉलिकलच्या कडेलाच उरली होती आणि पेशींच्या वाढीचा वेग दाखवणारे केआय-६७ कमी होते. आजार इतरत्र नाही याची खात्री करण्यासाठी पेट-सीटी (संपूर्ण शरीराचे स्कॅन) करावे, अशी सूचनाही होती. ते स्वच्छ आले आणि डॉक्टरांनी औषध न देता ठरावीक काळाने तपासणी करत राहण्याचा निर्णय घेतला.

उणिवाही आहेत. अहवाल डॉक्टरांसाठी लिहिलेला असतो हे मान्य, पण शंका विचारण्यासाठी दिलेला दूरध्वनी चार दिवस कोणी उचलला नाही. त्याहून गंभीर बाब म्हणजे परत मिळालेल्या दोन ब्लॉकांपैकी एकावर दुसऱ्याच रुग्णाचा क्रमांक होता. तो बदलून मिळाला, मात्र त्यासाठी पुन्हा मुंबईला खेप घालावी लागली. आपले ब्लॉक घेताना अहवालावरील क्रमांक खिडकीवरच ताडून पाहावेत.