गाडीला जीपीएस लावला आणि गाडीच गेली

आधीच सांगतो, मी पंप आणि मोटारी रिवाइंडिंग करतो. बावीस वर्षं झाली. जळकी मोटार समोर आली की वासावरून सांगतो कुठली कॉइल गेली. तेव्हा 'तुम्हाला एवढंसुद्धा कळलं नाही?' हा प्रश्न बायकोनं, मेहुण्यानं, दोन हवालदारांनी आणि शेजारच्या सलूनवाल्यानं विचारून झालेला आहे. तुम्ही नाही विचारलात तर उपकार होतील.

गाडी स्प्लेंडर प्लस. २०२१ च्या दसऱ्याला घेतली, ऑन रोड ८२,३०० रुपये. शेवटचा हप्ता २०२४ च्या ऑक्टोबरात फिटला आणि ११ डिसेंबरला गाडी गेली. बिनकर्जाची गाडी मी जेमतेम दोन महिने चालवली.

तारीख १ सप्टेंबर, रविवार. गणपतीला सहा दिवस राहिलेले. त्या दिवसांत आमच्या बाजारात काय असतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. चाकरमानी उतरायला लागलेले, अनोळखी तोंडांना 'तू कुठला?' असं कोणी विचारत नाही. एक टेम्पो, त्याला बॅनर, पुढे फोल्डिंगचं टेबल, सारखे टी-शर्ट घातलेली आणि गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली दोन पोरं. योजना नेहमीचीच: मूळ किंमत अमुक, गणपती ऑफर तमुक. गाडी कुठे आहे ते फोनवर दाखवणाऱ्या जीपीएस डबीचे २,७९९ आणि 'सुरक्षा कवच' कार्डाचे ६००. गाडी चोरीला गेली आणि सापडली नाही तर २५,००० रुपये. मी २,००० रोख दिले आणि १,३९९ यूपीआयनं. पैसे गेले त्या नावात 'मोबाइल शॉपी' होतं. तेही वाचलं होतं मी. वाचून पुढे बटण दाबलं.

माझ्या दुकानात तेव्हा मखरांच्या लायटिंगच्या माळा दुरुस्तीला येऊन पडल्या होत्या, एका दिवसात चौदा गिऱ्हाइकं. हे कारण म्हणून सांगत नाही, पण कारण तेच आहे. पोरांनी सीटखाली काडेपेटीएवढी काळी डबी बसवली, बॅटरीला दोन वायरी जोडल्या, लाल दिवा लुकलुकायला लागला. मग त्यातला एक म्हणाला, "काका, इमोबिलायझर प्रोग्राम करायचाय, ओरिजिनल किल्ली द्या. आणि दुसरी घरी असेल तर तीपण आणा, दोन्ही एकदमच करून टाकू."

मी घरून दुसरी किल्ली आणवून घेतली. मुलाला सायकलवर पिटाळून.

इमोबिलायझर म्हणजे चिपवाली किल्ली ओळखल्याशिवाय गाडी सुरू होऊ न देणारी यंत्रणा. माझ्या स्प्लेंडरची किल्ली म्हणजे साधा पत्रा. तिच्यात चिप नाही, प्रोग्राम करायला काहीच नाही. हे मला माहीत होतं. त्या क्षणी विचारलं असतं तर मी दुसऱ्याला समजावून सांगितलं असतं. पण पोरगा दोन्ही किल्ल्या घेऊन टेम्पोच्या मागे गेला, आणि मी एका बाईंच्या माळेतला तुटलेला जोड शोधत बसलो. दहा मिनिटांत किल्ल्या परत आल्या. एकीच्या खाचेत हिरवट काहीतरी भरलेलं. मला वाटलं ग्रीस. रुमालानं पुसली. रुमाल नाकाशी गेला तेव्हा कपडे धुवायच्या साबणाचा वास आला आणि मनात आलं, पोरगं हात धुऊन आलेलं दिसतंय.

साबणावर किल्लीचा ठसा घेतात हे लहानपणापासून ऐकत आलोय. जळक्या कॉइलचा वास ओळखणाऱ्या माणसाला साबणाचा वास येऊन कळला नाही. यावर अजून झोप उडते माझी.

त्यांचं ॲप व्हॉट्सॲपवर लिंकनं आलं. प्ले स्टोअरवर नव्हतं. फोननं इशारा दिला, मी परवानगी दिली. लोकेशन, कॉन्टॅक्ट, सगळ्याला 'अलाउ'. नकाशावर गाडीचं चिन्ह दिसायला लागलं, दुकानासमोर म्हणजे अगदी दुकानासमोर. आठवडाभर मी ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होतो.

आता त्याहून मोठी चूक. ऑक्टोबरात वाइंडिंगची तांब्याची तार आणायला चिपळूणला गेलो, एसटीनं. गाडी घरी पडवीत उभी. परशुराम घाटात एसटी रेंगाळली म्हणून फोन काढला आणि बाजूच्या माणसाला कौतुकानं नकाशा दाखवायला गेलो. गाडी परशुराम घाटात! तो माणूस हसला, म्हणाला, "तुमची गाडी तुम्हाला सोडायला आलीय वाटतं." मीही हसलो. घरी फोन केला, मुलगा म्हणाला गाडी पडवीतच आहे, मांजर झोपलंय सीटवर. चिपळूण स्टँडला उतरलो तर गाडीही स्टँडवर.

डबी बसवणाऱ्या पोराला फोन लावला. तो लगेच म्हणाला, "काका, तुमच्याकडे रेंजचा प्रॉब्लेम आहे ना, त्यामुळे टॉवरचं लोकेशन घेतं." आमच्याकडे रेंजचा प्रॉब्लेम आहेच. त्यानं मला माझंच कारण विकलं. मी दोन किलो तार घेतली आणि परत आलो.

नकाशावर गाडी नव्हतीच कधी. माझाच फोन दिसत होता, आणि फोन आणि गाडी एरवी बरोबरच असायची. मला आता असंही वाटतं की तो नकाशा माझ्यासाठी नव्हताच. गाडी कुठे उभी करतो, किती वेळ उभी असते, हे त्या ॲपमधून त्यांनाच दिसत असावं. पुरावा नाही माझ्याकडे. पण माझ्या ओळखीच्या अजून दोघांच्या गाड्या याच दोन महिन्यांत गेल्या आणि दोन्ही सीटांखाली तीच डबी होती. तिसऱ्याची गाडी वाचली होती, त्याची डबी मी उघडली. आत लुकलुकणारा एलईडी, एक रेझिस्टन्स आणि वजन यावं म्हणून कोंबलेलं एम-सील. सिम नाही, अँटेना नाही. पंधरा-वीस रुपयांचा माल. माझी डबी मी का नाही उघडली? कारण वर 'सील तुटल्यास कवच रद्द' असा स्टिकर होता.

खऱ्या जीपीएसला सिम लागतं आणि सिमला रिचार्ज लागतो. नंबर मागा. रिचार्ज कोण भरणार ते विचारा. आणि बसवल्यावर गाडी घरी ठेवून फोन घेऊन दोन किलोमीटर चालत जा, बाकी कोणाला विचारायची गरज उरणार नाही.

११ डिसेंबर. मार्गशीर्षातला बुधवार, दुसऱ्या दिवशी बायकोचा गुरुवार, म्हणून संध्याकाळी लिलावाला बंदरावर गेलो. कुठलं बंदर ते लिहीत नाही, त्याच चौकीत मला अजून जायचंय. हँडल लॉक केलं, किल्ली खिशात घातली. पाऊण तासात सुरमईचा एक तुकडा आणि वाटाभर कोलंबी घेऊन आलो तर जागा रिकामी. बर्फाच्या गाडीजवळच्या टपरीवाल्यानं पाहिलं होतं. "पोरगा आला, किल्ली लावली, हेल्मेट घातलं, गेला. मला वाटलं तुमचाच कोणी." ना लाथ, ना तोडातोडी. हातात मासळीची पिशवी घेऊन मी तिथे किती वेळ उभा होतो कोण जाणे. पिशवीतलं पाणी पँटीवर गळत होतं.

चेन होती की माझ्याकडे! आमच्या खाऱ्या हवेत कुलपं एका पावसाळ्यात जाम होतात, म्हणून वैतागून जूनमध्ये भंगारात घातली. माझ्या स्प्लेंडरला ड्रम ब्रेक, त्यामुळे डिस्क लॉक बसत नाही, चेनच लागते. ती नुसती चाकात अडकवून उपयोग नाही, खांबाला किंवा माडाला घ्या आणि महिन्याला कुलपात तेलाचे दोन थेंब सोडा. इग्निशनच्या वायरीत लपवलेला स्विच टाकायला चाळीस रुपये लागतात. चोर-स्विच म्हणतात आमच्यात. मी तो तीन गिऱ्हाइकांना टाकून दिलाय. स्वतःच्या गाडीला, उद्या बघू.

आता चौकी. त्या संध्याकाळी सांगितलं, "दोन दिवस शोधा, कोणीतरी प्यायलेला नेतो आणि सोडून देतो." दुसऱ्या दिवशी म्हणाले, ही जागा आमच्या हद्दीत येते का ते बघावं लागेल. अरे, बंदर हललं का रात्रीत? तिसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्तावर. मग अर्ज लिहून घेतला आणि शिक्का मारलेली प्रत दिली, म्हणाले हेच चालतं. ते चालत नाही. गाडीचोरीला एफआयआरच लागतो, अर्जाची पोच विमावाला चाटूनसुद्धा बघत नाही. नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, स्वच्छ लिहिलंय की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, खबर घ्यायचीच, आणि प्रत फुकट द्यायची. १ जुलै २०२४ पासून लागू आहे. मी कलम सांगितल्यावर हवालदार म्हणाला, "वकील आहात का?" नाही घेतली तर तीच तक्रार पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. मी पाठवली रजिस्टर्डनं, तेव्हा कुठे १७ तारखेला एफआयआर झाला. सहा दिवस!

आणि या सहा दिवसांत काय झालं ऐका. १५ तारखेला माझ्या मोबाइलवर ई-चलन आलं. हेल्मेट नाही, ५०० रुपये, आदल्या दिवशीचा फोटो, पेणच्या बाजूचा. फोटोत माझी गाडी, माझा नंबर, वर चोर. जागा, वेळ, सगळं सरकारनंच छापून दिलेलं. धावत चौकीत गेलो. उत्तर: "तो रायगड जिल्हा." मग म्हणाले, आधी चलन भरून टाका, नाहीतर वाढत जाईल. माझी गाडी पळवणाऱ्यानं हेल्मेट घातलं नाही म्हणून मी दंड भरायचा! कॅमेऱ्याला गाडी दिसते, चौकीला दिसत नाही, कारण चोरीची नोंदच नाही, आणि नोंद नाही कारण चौकीनं केली नाही. हे मी त्यांना बोलून दाखवलं तेव्हा साहेबांनी विचारलं, "किल्ली तुम्हीच दिली होती ना? मग ही फसवणूक झाली, चोरी कशी?" दोन्ही झालं ना साहेब, दोन्ही लिहा की. चोरीचं पत्र आरटीओत त्याच आठवड्यात देऊन पोच घ्या, नाहीतर त्या गाडीवरून कोणी काही केलं तर दार तुमचं ठोठावतील.

विम्याचं दुखणं वेगळं. २०१८ च्या सप्टेंबरपासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, म्हणून मी बिनधास्त की २०२६ पर्यंत विमा आहे. थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई, त्यात चोरी येत नाही. चोरीसाठी लागणारं ओन डॅमेज, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीचा विमा, माझं एकाच वर्षाचं होतं, २०२२ लाच संपलेलं. एजंट सप्टेंबरात स्वतःहून आला होता. १,१४० रुपयांत करून देतो म्हणाला, ४५,५०० किंमत धरून. मी त्याला ते कवच कार्ड दाखवलं. तो काही बोलला नाही, चहा पिऊन गेला. आज उठा, पॉलिसीचा कागद काढा आणि 'ओन डॅमेज' समोर कुठली तारीख आहे ती बघा. दोन्ही किल्ल्या जपा, चोरीच्या क्लेमला त्या मागतात, आणि एक हरवली म्हणालात की संशय तुमच्यावर.

एवढं होऊन थांबलो का? नाही. १२ डिसेंबरला कार्डावरच्या हेल्पलाइनला फोन केला. बाई फार गोड बोलली. क्लेम मंजूर होईल, फक्त प्रोसेसिंगचे १,००० अधिक जीएसटी १८०. मी १,१८० भरले. जीएसटी धरून आकडा आला की खरा वाटतो, निदान मला वाटला. संध्याकाळपासून नंबर बंद. हे बायकोला सांगायला मला चार दिवस लागले, आणि सांगितल्यावर तिनंच १६ तारखेला १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायला लावला. तक्रार नोंदली, पण त्या खात्यातले पैसे तोवर निघून गेले होते. १९३० ला पहिल्या तासात फोन करायचा असतो, लाज वाटून घेण्याआधी. एकूण ४,५७९ रुपये मी गाडी चोरीला जाऊ नये म्हणून खर्च केले.

तपास चालू आहे असं चौकीत सांगतात. मागच्या वेळी गेलो तर माझा कागद शोधायलाच अर्धा तास गेला.

नंबर प्लेट आता बदललेली असणार, टाकीवरचे स्टिकरही काढले असतील. पण डाव्या आरशाखालचा नट पितळी आहे, पंपाच्या टर्मिनलचा. स्टीलचा सारखा गंजायचा म्हणून मीच बसवला होता, आणि तो कोणी बदलेल असं वाटत नाही. काळी स्प्लेंडर, डाव्या आरशाला पितळी नट. कुठे उभी दिसली तर तिच्याजवळ जाऊ नका, फोटो काढा. आणि तुमचीच गाडी गेली तर चौकीत एफआयआर होईपर्यंत खुर्ची सोडू नका.