हॉटेल, कॅफे की कॅटरिंग कॉलेज? दिव्यांग मुलांनी हॉटेलचं काम कुठे शिकावं

शाळा संपत आली की दिव्यांग मुलांच्या घरात 'आता पुढे काय?' हा प्रश्न रोज जेवणाच्या ताटावर येतो. हॉटेलच्या कामाकडे वळायचं म्हटलं तर वाटा मुख्यतः तीन. कोणती धरायची हे मुलाला नेमकं कुठे अडतं त्यावर ठरवा, कोर्सच्या नावावर नको.

मूल कर्णबधिर असेल तर मी आधी मोठं हॉटेल सुचवेन. लेमन ट्री हॉटेल्सने 2007 पासून कर्णबधिरांना कामावर घ्यायला सुरुवात केली आणि ऐकू येणाऱ्या सहकाऱ्यांनाही खुणांची भाषा शिकवली. ही दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. चादर ताणून कोपरा कसा दुमडायचा हे बघून शिकता येतं. अडतं ते दारापाशी. टकटक केल्यावर पाहुणा आतून 'नंतर या' म्हणाला, तर ते कळणार कसं? याची सोय काय, हे मुलाखतीतच विचारा. पगार, पीएफ, बढती इथे आहे. पण वेगही लागतो आणि रात्रपाळीही येते.

बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असेल तर आधी अशाच मुलांना शिकवून कामावर घेणारा कॅफे. जुहूचा कॅफे अर्पण यश चॅरिटेबल ट्रस्टने 2018 मध्ये सुरू केला, पुण्यात टेरासिन आहे. माझ्या ओळखीतल्या एका मुलीला ट्रेमधून दोन ग्लास पाणी न सांडता न्यायला तीन महिने लागले. आधी नुसता ट्रे, मग रिकामे ग्लास, मग अर्धे भरलेले. आता ती ग्लास टेबलावर ठेवते, गिऱ्हाइकाकडे बघून हसते आणि एक पाऊल मागे सरकते. ते मागे सरकणंसुद्धा तिला शिकवावं लागलं होतं. एवढा धीर मोठ्या हॉटेलच्या गर्दीच्या शिफ्टमध्ये मिळणं कठीण. मात्र असे कॅफे मोजकेच, जागा त्याहून कमी. शिवाय रोजचा प्रवास आहेच. लोकलच्या दिव्यांग डब्यात एकट्याने चढता-उतरता येणं हासुद्धा प्रशिक्षणाचाच भाग धरा.

अभ्यासाची आवड असेल, अडचण हातापायांची असेल, तर कॅटरिंग कॉलेज. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणात किमान 5 टक्के जागा राखीव आहेत. त्यासाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. फ्रंट ऑफिसचं, म्हणजे रिसेप्शनचं काम बसून जमतं, पण शिकताना किचनमधली प्रॅक्टिकल्सही करावी लागतात. म्हणून प्रवेशाआधी तिथलं किचन प्रत्यक्ष बघून या: ओट्याची उंची, ओली फरशी, व्हीलचेअर वळायला जागा.

एक-दोन महिन्यांचे प्रमाणपत्र कोर्सही असतात. तिथे मी एकच विचारते, मागच्या बॅचची मुलं आज कुठे कामाला आहेत? उत्तर गोलगोल आलं तर फॉर्म भरू नका. कॅफेत नंबर लागेपर्यंत घरीच ट्रे हातात द्या, संध्याकाळच्या चहापासून.